अ‍ॅगमेम्नॉनला मारणं बरोबर होतं का? एका खुनाची पूर्ण केस

पार्श्वभूमी

ही केस आर्गोसच्या राजाची, अ‍ॅगमेम्नॉनची. दहा वर्षं लढून, ट्रॉय जिंकून माणूस घरी येतो आणि त्याच दिवशी स्वतःच्या वाड्यात, न्हाणीत, बायकोच्या हातून मारला जातो. ग्रीक नाटककार एस्किलसने यावरचं 'अ‍ॅगमेम्नॉन' हे नाटक इ.स.पू. ४५८ मध्ये अथेन्सला डायोनायसस देवाच्या उत्सवात केलं, तीन नाटकांच्या मालिकेतलं हे पहिलं, पहिलं बक्षीस मिळालं, आणि आज अडीच हजार वर्षं होत आली तरी वाचणाऱ्याच्या मनात तोच प्रश्न येतो की बाबा याची हीच लायकी होती का, का याच्यावर अन्याय झाला.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. त्याच्या आधीच्या होमरच्या ओडिसी या महाकाव्यातही या खुनाचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो, पण राजाने लढाईला निघताना आपली मुलगी बळी दिली हा विषयच तिथे नाही. तिथे राजाचा चुलतभाऊ इजिस्थस त्याला मेजवानीला बोलावतो आणि गव्हाणीवर बैल मारावा तसा मारतो. म्हणजे होमर वाचला तर राजा सरळसरळ बिचारा ठरतो. एस्किलसने मुलगी पुढे आणली, राणीला मुख्य केलं, आणि केस एकदम अवघड झाली. मी इथे एस्किलसचीच केस धरतोय, बाकीच्यांचं लागेल तिथेच घेईन.

घराण्याचा इतिहास वाईट आहे. अ‍ॅगमेम्नॉनचा बाप अट्रियस आणि त्याचा भाऊ थायेस्टीस. थायेस्टीसने भावाच्या बायकोशी संबंध ठेवले, अट्रियसने त्याला हाकलून दिलं, तो परत आल्यावर समेटाच्या नावाखाली जेवायला बसवलं आणि त्याच्याच पोरांचं मांस त्याला वाढलं. त्यातून वाचलेला एक मुलगा म्हणजे इजिस्थस. तो मोठा झाला आणि राजा लढाईवर असताना राणीच्या जवळ येऊन राहिला.

आणि लढाई कशासाठी, तर ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस मेनेलेअसच्या घरी पाहुणा म्हणून आला, त्याच्या घरचं खाल्लं आणि त्याची बायको हेलन घेऊन गेला. मेनेलेअस म्हणजे अ‍ॅगमेम्नॉनचा भाऊ, आणि हेलन ही राणी क्लायटेम्नेस्ट्राची बहीण. पाहुणचाराचा विश्वासघात हा ग्रीकांच्या लेखी थेट देवांचा राजा झ्यूसचा अपमान, त्यामुळे मोहीम निघाली ती देवाच्या नावानेच.

अडचण कुठे सुरू झाली

ऑलिसच्या बंदरात सगळं आरमार जमलं आणि वारा उलटा सुटला. दिवसामागून दिवस जायला लागले, माणसं उपाशी राहायला लागली, जहाजं आणि दोरखंड कुजायला लागले. त्याआधी एक शकुन झाला होता, दोन गरुडांनी गाभण सशीण फाडून खाल्ली, पोटातल्या पिल्लांसकट. राजज्योतिषी म्हणा किंवा सैन्याचा भविष्यवेत्ता म्हणा, कॅल्कस, त्याने अर्थ लावला की गरुड म्हणजे हे दोघे राजे भाऊ आणि सशीण म्हणजे ट्रॉय, तुम्ही ते शहर घेणार, पण आर्टेमिस देवी चिडली आहे कारण तिला रानातल्या पिल्लांची माया आहे. आणि मग उपाय सांगितला तो असा की राजाने आपली मुलगी इफिजेनिया बळी द्यायची.

इथे नीट थांबून बघायला पाहिजे कारण सगळी केस इथेच आहे. सोफोक्लीस या दुसऱ्या नाटककाराच्या नाटकात राजाने देवीच्या राईतलं हरीण मारून बढाई मारली म्हणून ती चिडते, म्हणजे त्याचा स्वतःचा काहीतरी गुन्हा आहे. एस्किलस असं काहीही देत नाही. त्याच्याकडे देवी चिडली आहे ती त्या गरुडांच्या जेवणावर. मी ते असं वाचतो की पुढे ट्रॉयमध्ये जी कोवळी पोरं मरणार आहेत त्यांची किंमत देवी आधीच मागून घेतेय, की तुला दुसऱ्यांची पोरं मारायला जायचंय ना, मग सुरुवात घरापासून कर. याचा अर्थ देवीने त्याला मुलगी मारायला जबरदस्ती केलेली नाही. जायचं असेल तर ही किंमत, एवढंच. न जाणं शक्य होतं. फक्त तिकडून झ्यूस म्हणतोय जा, आणि भावाचा, मित्रराजांचा, हजारो सैनिकांचा डोळा याच्यावर.

ऑलिसला त्याच्यापुढे काय पर्याय होते

पहिला म्हणजे सैन्य मोडून घरी जाणं. राजा स्वतः हे मोठ्याने बोलून बघतो. नाटकात म्हाताऱ्यांचा कोरस, म्हणजे रंगमंचावर एकत्र गाणारा-बोलणारा समूह, त्याचे शब्द सांगतो, की न ऐकणं पण भयंकर आणि पोटची पोर कापणं पण भयंकर, यातलं कुठलं संकटाशिवाय आहे, मी जहाजं सोडून कसा जाऊ, मित्रांना तोंडघशी कसा पाडू. म्हणजे त्याला कळत नव्हतं असं नाही, आणि म्हणूनच मला त्याची बाजू पूर्ण घेता येत नाही.

दुसरा पर्याय थांबण्याचा. वारा कधीतरी पडला असता. पण उपासमार चालू होती, हा पर्याय फार दिवस टिकणारा नव्हता हे मान्य.

तिसरा, सेनापतीपद सोडणं. हा तो उच्चारतही नाही. मोहीम भावाच्या बायकोसाठी, मग मुलगी याचीच का, मेनेलेअसला पण मुलगी होतीच की, हर्मायोनी. युरिपिडीस या नाटककाराने नंतर याच प्रसंगावर वेगळं नाटक लिहिलं त्यात राजा खरंच माघार घेतो. लग्नाच्या खोट्या निरोपाने, सैन्यातल्या वीर अकिलीसशी लग्न लावतो असं सांगून, मुलीला बोलावलेलं असतं, मग हा दुसरं पत्र पाठवतो की येऊ नका, आणि ते पत्र मेनेलेअस मधेच पकडतो. तिथे राजाला भीती आहे ती सैन्याची, ते मलाही मारतील आणि आर्गोसवर चालून येतील. ही भीती खरी धरली तर त्याचा गुन्हा थोडा हलका होतो. पण एस्किलसच्या राजाला असं कुणी धमकावलेलं दिसत नाही.

चौथा पर्याय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्यावर फार कमी बोललं जातं. कॅल्कसला उलट प्रश्न विचारणं. दुसरा काही उपाय आहे का, देवीची दुसरी काही शांत आहे का, तू अर्थ बरोबरच लावलास कशावरून. कोरस स्पष्ट सांगतो की राजाने भविष्यवेत्त्याला कसलाच दोष दिला नाही, आलेल्या वाऱ्याबरोबर तो वाहत गेला. आता ट्रॉयच्या लढाईवरचं होमरचं महाकाव्य, इलियड, त्याचा पहिला सर्ग काढून बघा. हाच कॅल्कस, हाच राजा, तिथे कॅल्कस सांगतो की अपोलो देवाच्या पुजाऱ्याची मुलगी, लुटीत मिळालेली क्रायसेईस, परत दे, नाहीतर रोगराई थांबणार नाही. तिथे मात्र राजा चवताळून उठतो, तू अशुभच बोलतोस, माझ्या भल्याचं आजपर्यंत एक वाक्य बोलला नाहीस म्हणून त्याला झापतो. कवी वेगळे, काळ वेगळा, मान्य आहे, पण अथेन्सच्या प्रेक्षकाला इलियड तोंडपाठ असल्यासारखं होतं, त्याच्या डोक्यात हे दोन्ही राजे एकत्रच असणार. लुटीतल्या बाईसाठी जो माणूस ज्योतिष्याशी भांडतो तो पोटच्या पोरीसाठी गप्प बसला.

प्रत्यक्षात काय केलं

गरजेचं जू त्याने स्वतःच मानेवर चढवलं, असं एस्किलस म्हणतो. आणि एकदा चढवल्यावर त्याचं मन पालटलं, मग त्याला काहीच करायला भीड वाटेना. लेकीने बाबा बाबा म्हणून मारलेल्या हाका कुणी ऐकल्या नाहीत. बापाने सेवकांना सांगितलं तिला बकरीसारखी उचलून वेदीवर धरा आणि तोंड बांधा, म्हणजे घराण्याला शाप द्यायला नको. तिचं केशरी वस्त्र जमिनीवर गळून पडलं आणि ती मारणाऱ्या एकेकाकडे नजरेने दयेची भीक मागत होती, ज्या पुरुषांसमोर ती बापाच्या मेजवानीत अनेकदा गायली होती त्याच पुरुषांकडे. कोरस इथेच थांबतो. पुढचं मी पाहिलं नाही, मी सांगत नाही, म्हणतो, पण कॅल्कसची विद्या कधी खोटी ठरत नाही.

आपल्याकडे श्रियाळ-चांगुणेची गोष्ट घरोघर माहिती आहे, त्यांनाही पाहुणा होऊन आलेला देव मूलच मागतो, पण शेवटी चिलया बाळ हाक मारल्यावर धावत येतो आणि ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. ग्रीकांकडेही तशी एक आवृत्ती आहे, युरिपिडीसच्या एका नाटकात देवी ऐन वेळी मुलीच्या जागी हरीण ठेवते आणि तिला दूर टॉरिसला नेते. एस्किलसने ही सोय ठेवली नाही. त्याच्या नाटकात मुलगी परत येत नाही, आणि आईकडे दहा वर्षं फक्त तेवढंच आहे.

मग ट्रॉय. दहा वर्षांत आर्गोसच्या घराघरांत माणसांच्या जागी राखेचे कलश आले. कोरस म्हणतो युद्धदेव हा सराफ आहे, माणसं घेतो आणि राख मोजून देतो. लोक दबक्या आवाजात बोलतायत की दुसऱ्याच्या बायकोसाठी आमची पोरं गेली. दूत अभिमानाने सांगतो की ट्रॉयची मंदिरं आणि वेद्या पार नाहीशा झाल्या, आणि त्याला कळतही नाही की आपण राजाविरुद्ध साक्ष देतोय. परतीच्या वादळात आरमार बुडालं, मेनेलेअसचा पत्ता नाही. आणि राजा रथात बसून येतो तो कसांड्राला घेऊन, ट्रॉयच्या राजाची मुलगी, अपोलोची भविष्यवादिनी, सैन्याने त्याला दिलेली भेट. बायकोला सांगतो हिला नीट आत घे.

गालिच्याचा प्रसंग

यावर सगळ्यात जास्त लिहिलं जातं, मला वाटतं गरजेपेक्षा जास्त. राणी वाड्याच्या दारापर्यंत किरमिजी, किमती वस्त्रं अंथरते आणि म्हणते यावरून चालत या. तो आधी नाही म्हणतो, मला माणसासारखा मान द्या, देवासारखा नको. ती विचारते ट्रॉयचा राजा प्रायम जिंकला असता तर त्याने काय केलं असतं, तो म्हणतो तो चालला असता. मग लोकांच्या बोलण्याला कशाला घाबरता, ती म्हणते. लोकांच्या बोलण्यात फार ताकद असते, हा म्हणतो. ज्याचा कुणी हेवा करत नाही त्याचं कौतुकही होत नाही, ती म्हणते. आणि थोड्याच वाक्यांत तो विरघळतो, चपला काढायला सांगतो म्हणजे देवांची नजर नको लागायला, चांदी मोजून घेतलेली वस्त्रं पायांनी खराब करायची मला लाज वाटते म्हणतो, आणि चालत आत जातो.

हा अहंकार आहे का, तर थोडा आहे. पण गालिच्यावरून चालणं हा मरणाचा गुन्हा होत नाही. या प्रसंगाचं काम वेगळं आहे, असं मला वाटतं. ऑलिसला जे वर्णनात ऐकलं ते आता प्रेक्षक डोळ्यांनी बघतो. तीच पद्धत, आधी शहाणपणाचं बोलायचं, धोका अचूक ओळखायचा, आणि मग समोरच्याने जरा जोर लावला की वाकायचं. गालिच्यामुळे त्याच्या खात्यावर नवीन गुन्हा चढत नाही, ऑलिसला तो का वाकला ते मात्र कळतं.

आणि याच प्रवेशात एक वाक्य आहे जे सहज निसटून जातं. आल्या आल्या तो म्हणतो की आता आपण सभा बोलावू, नगराच्या आणि देवांच्या कामांवर विचार करू, जे बरं चाललंय ते टिकवू आणि जिथे औषध लागेल तिथे डाग देऊन किंवा कापून इलाज करू. म्हणजे सभा भरणार होती. त्या सभेत दहा वर्षांचा हिशोब कुणीतरी मागितला असता का, माहीत नाही, पण जागा होती.

राणीपुढचे पर्याय

तिच्या बाजूने बघितलं तर काय होतं तिच्या हातात. दहा वर्षं राज्य तिनेच चालवलंय, ट्रॉयपासून आर्गोसपर्यंत डोंगराडोंगरावर जाळाच्या खुणांची साखळी तिनेच लावून ठेवलेली, बातमी एका रात्रीत पोचते, इतकी तयारीची बाई. पण राजावर खटला कुठे भरणार. ती सभेत उभी राहून बोलली असती तर म्हाताऱ्यांनी ऐकलं असतं का, ज्यांनी पहिल्यांदा ट्रॉय पडल्याचं तिचं म्हणणं बाईचं स्वप्न म्हणून उडवून लावलं होतं. निघून जाणं हा एक पर्याय. गप्प राहणं हा एक. तिने तिसरा निवडला, जाळ्यासारखं वस्त्र टाकून त्याला अडकवलं आणि तीन घाव घातले, तिसरा पाताळातल्या झ्यूसला वाहिला असं ती स्वतः सांगते.

इथपर्यंत माझं मन तिच्याकडे झुकतं. पण ती कसांड्रालाही मारते. त्या मुलीने काय केलं होतं? तिचं शहर जाळलं, माणसं मारली, तिला लुटीत आणली. इफिजेनियाची आई म्हणून जी बाई उभी आहे तिने दुसऱ्या कुणाच्या तरी लेकीला त्याच सुऱ्याखाली घेतलं आणि वर बोलून दाखवलं की त्याने माझ्या सुखाला आणखी चव आली. तिथे तिची केस माझ्या लेखी फाटते. शिवाय इजिस्थस बाहेर येऊन म्हणतो की कट माझा, मी माझ्या बापाचा सूड घेतला, म्हणजे मुलीच्या न्यायात सत्तेची आणि जुन्या वैराची भेसळ आधीपासूनच होती.

दारात उभी असलेली म्हातारी माणसं

हा निर्णयाचा क्षण मला सगळ्यात जास्त छळतो. आतून राजाची आरोळी येते, मला मारलं, खोल घाव बसला. बाहेर आर्गोसचे बारा म्हातारे. एक म्हणतो नगराला हाक मारा, दुसरा म्हणतो आत्ताच आत घुसू आणि रक्ताने भरलेल्या सुऱ्यासकट पकडू, तिसरा म्हणतो हो काहीतरी करायलाच पाहिजे, एक म्हणतो हे लोक हुकूमशाही आणणार, एक म्हणतो त्यापेक्षा मरण परवडलं, मग एक म्हणतो पण नुसत्या आरोळीवरून तो मेलाच असं कसं म्हणायचं, आधी नक्की माहिती घेऊ. बारा जण बारा वाक्यं बोलतात आणि कुणी हलत नाही, तेवढ्यात दार उघडतं आणि दोन प्रेतं समोर.

मग हेच लोक तिला म्हणतात तुला हद्दपार करू, नगर तुझा तिरस्कार करील. आणि ती जे उत्तर देते ते सगळ्या नाटकातलं सगळ्यात खरं आहे. माझ्यासाठी तुम्ही लगेच न्यायाधीश झालात, पण हा माणूस, कळपात मेंढ्या भरपूर असताना, वारा शांत करायला पोटची पोर जनावरासारखी कापून आला, तेव्हा याला हद्दपार करायचं तुम्हाला सुचलं नाही? यावर कोरसकडे उत्तर नाही. थोड्या वेळाने ते स्वतःच कबूल करतात की आरोपावर आरोप येतोय, निवाडा करणं कठीण आहे, पण करणाऱ्याला भोगावं लागतं.

निकाल

मारणाऱ्यांचं राज्य सुरू झालं, पण थोडीच वर्षं. दुसऱ्या नाटकात मुलगा ऑरेस्टीस परदेशातून परत येतो आणि इजिस्थसला आणि आईला मारतो. सूडदेवता त्याच्या मागे लागतात. तिसऱ्या नाटकात अथेन्सला अरिओपॅगस टेकडीवर अथीना देवी नागरिकांचं न्यायालय बसवते, मतं समान पडतात, अथीनाचं मत ऑरेस्टीसच्या बाजूला, तो सुटतो. हे नाटक झालं त्याच्या थोडीच वर्षं आधी, इ.स.पू. ४६२ च्या सुमारास, अथेन्सचा पुढारी एफियाल्टीस याने त्याच टेकडीवर बसणाऱ्या अरिओपॅगस मंडळाचे बरेचसे अधिकार काढून खुनाचे खटले तेवढे ठेवले होते, आणि एफियाल्टीसचा स्वतःचा खून झाला होता. त्यामुळे समोर बसलेल्या लोकांना हा विषय अगदी जवळचा.

पण या खटल्यात एक गोष्ट बघा. सूडदेवता म्हणतात आम्ही राणीच्या मागे लागलो नाही कारण नवरा रक्ताचा नसतो. ऑरेस्टीसच्या बाजूने बोलणारा अपोलो म्हणतो आई ही खरी जन्मदाती नाहीच, ती फक्त बीज सांभाळते. राजाच्या मोठेपणाबद्दल बोललं जातं. आणि इफिजेनियाचं नाव कुणी घेत नाही. आरोपी नाही, वकील नाही, न्यायाधीश नाही. जिच्यामुळे सगळं सुरू झालं ती मुलगी ऑलिसला तोंड बांधून गप्प केली आणि कोर्टातही गप्पच राहिली.

म्हणून त्याची हीच लायकी होती का, याला माझं उत्तर असं की शिक्षेला तो शंभर टक्के पात्र होता, पण ज्या रीतीने मेला त्याला शिक्षा म्हणता येत नाही. शिक्षेत आरोप वाचून दाखवावा लागतो. त्याला न्हाणीत कळलंसुद्धा नसेल की हा घाव कुणासाठी. आरोप ती नंतर वाचते, प्रेतासमोर.

वेगळं काय करता आलं असतं

राजाच्या बाबतीत ऑलिसलाच. सेनापतीपद खाली ठेवायचं, किंवा निदान म्हणायचं की हेलन ज्याची त्याने किंमत द्यावी. मोहीम कदाचित मोडली असती, त्याची नाचक्की झाली असती, आणि लेक जिवंत राहिली असती. मला हा सौदा अवघड वाटतच नाही, पण मी राजा नाही आणि माझ्या मागे हजार जहाजं उभी नाहीत, हेही खरं.

आर्गोसच्या म्हाताऱ्यांच्या बाबतीत दहा वर्षं आधीच. ते लढाईला जायला म्हातारे होते पण बोलायला नव्हते. ऑलिसची गोष्ट त्यांना माहीत होती, ते ती गाऊन दाखवतात, आणि राजा दारात आला तेव्हा त्याच्या तोंडावर एवढंच सांगतात की तू हेलनसाठी सैन्य काढलंस तेव्हा आम्हाला तुझं पटलं नव्हतं, आता सगळं नीट झालंय. मुलीचा उल्लेख तिथेही नाही. तो एक प्रश्न तेव्हा सभेत नेऊन विचारला असता, राजासमोर, राणीसमोर, तर राणीला सुऱ्याशिवाय दुसरी एक वाट दिसली असती असं मला वाटतं. तिने ती घेतली असतीच असं नाही.

आणि अथीनाच्या न्यायालयात ऑलिसपासून सुरुवात व्हायला हवी होती. ज्यांनी त्या मुलीला वेदीवर उचलून धरलं ते सेवक, तोंड कुणी बांधलं तो माणूस, मेनेलेअस, आणि सगळ्यात आधी कॅल्कस, ज्याला त्या दिवशी कुणी एकही उलट प्रश्न विचारला नाही.